ट्वाइन: गोष्टी रचायला छान, पण वाचणारा शेजारी बसवा

मी नाशिकला आठवी-नववीला मराठी शिकवते. सुट्टीच्या शिबिरात वाचकाने पर्याय निवडत पुढे न्यायची गोष्ट करायची ठरली, म्हणून ट्वाइन घेतलं. ख्रिस क्लिमस यांनी 2009 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं. शब्दांना दुहेरी चौकटी कंस घातले की त्यांची लिंक होते, गोष्टीच्या पुढच्या तुकड्यासाठी नवा चौकोन उगवतो, मध्ये बाण येतो. देवनागरी बिनतक्रार उमटते. अटी घालायच्या आज्ञा मात्र इंग्रजीत. पोरांना त्याचं काही नाही, मलाच खटकलं.

गोष्ट गोदेच्या पुरातल्या भांडी बाजाराची. पोरांनी पहिलाच पर्याय दिला, 'पळायचं' की 'थांबायचं'. एकीचे आजोबा त्याच बाजारात दुकान चालवतात. त्यांना वाचायला बसवलं, तर ते तिथंच अडले.

"पळायचं कुठं? पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की माल वर चढवायला घ्यायचा. आधी काय चढवायचं, एवढंच डोक्यात."

"मग आधी काय, आबा?"

"उधारीची वही. भांडी पुसता येतात."

गोदेवरच्या गंगापूर धरणाचा विसर्ग आता मोबाइलवर कळतो, तरी आबांची नजर मारुतीवरच. पोरांनी चौकोन पुसले आणि पाण्यासाठी एक व्हेरिएबल, म्हणजे बदलत जाणारी नोंद, ठेवलं: गुडघा, कंबर, छाती. जे उचलाल त्यात वेळ जातो, तेवढं पाणी चढतं. हे ट्वाइनमध्ये सहज जमतं. पण ते करावं, हे कुठलंच सॉफ्टवेअर सुचवत नाही.

ट्वाइनमधल्या हार्लो फॉरमॅटमध्ये, म्हणजे गोष्ट वाचकाला दाखवायच्या एका साच्यात, पानाच्या कडेला मागे जायचा बाण आपोआप येतो. आबांनी तो दाबला, गेलेली वही परत आली, आणि ते खो खो हसले. बाण ठेवायचा की काढायचा, यावर पोरांचं चांगलंच जुंपलं. सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, एका ओळीत तो लपवता येतो. शेवटी लपवला. मी असते तर ठेवला असता. आठवीच्या वाचकाला पुन्हा खेळून बघायचं असतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण वेब आवृत्तीत गोष्ट त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते. तो डेटा पुसला की गोष्ट गेली. शाळेच्या सामायिक संगणकावर काम असेल तर रोज फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर सरळ डेस्कटॉप आवृत्ती टाका. तीही फुकटच आहे.