जुन्या व्हॅनसाठी स्पार्क टेस्टर: बल्बवाला नको, गॅपवाला घ्या

सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. सीबी पॉइंट (कॉईलचा करंट तोडणारे-जोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) असलेल्या जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये अशा वेळी आधी बघायचं ते करंट, म्हणजे ठिणगी. ती तपासायला दोन प्रकारचे टेस्टर मिळतात: प्लग आणि वायरीच्या मध्ये बसणारा बल्बवाला, आणि स्क्रू फिरवून गॅप कमीजास्त करता येणारा. पैसे दुसऱ्यावरच घालावेत.

बल्ब फसवतो. मरगळलेल्या कॉईलवरही (बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारा भाग) तो छान लुकलुकतो. प्लग काढून इंजिनाला टेकवला तरी तीच गत, कारण उघड्या हवेत ०.६ मिमीची गॅप अशक्त कॉईलही ओलांडते. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं आणि तिथे त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. गॅपवाल्या टेस्टरवर ६-७ मिमी ठेवून निळी, कडकडीत ठिणगी न चुकता पडली तर इग्निशनची ताकद ठीक आहे. मग प्लग, टायमिंग, पेट्रोल बघा. गॅप ३ मिमीवर आणल्यावरच ठिणगी पडत असेल, तीही पिवळी, तर दोष मागे आहे.

मागे म्हणजे नेमका कुठे? डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) कॅपच्या मधल्या भोकातली कॉईलची वायर काढून टेस्टरला लावा. इथे ठिणगी दमदार आणि प्लगच्या वायरीवर नाही, तर दोष कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) किंवा वायरींत. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली की तिथून करंट अर्थला पळतोय. ती पुसून जात नाही, कॅप बदलावीच लागते. मधला कार्बनही झिजलाय का बघा.

इथेही ठिणगी नसेल तर बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प कॉईलच्या मायनस आणि अर्थमध्ये लावून सेल्फ मारा (निगेटिव्ह अर्थच्या गाडीत). लुकलुकला, म्हणजे पॉइंट उघडबंद होतायत. तरी ठिणगी नाही तर कंडेन्सर किंवा कॉईल. कायम पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा काळवंडलेत. साफ करून फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप लावा, बऱ्याच गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास. पेटलाच नाही, तर कॉईलला पुरवठा नाही, पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. सेल्फ मारताना पकडते आणि चावी सोडताच बंद पडते, तेव्हा मात्र टेस्टर ठेवून द्या आणि बॅलास्ट रेझिस्टर (चालू गाडीत कॉईलचा करंट कमी ठेवणारा रोध) तपासा. सेल्फच्या वेळी कॉईलला त्याला वगळून थेट करंट मिळतो, म्हणूनच हे लक्षण इतकं नेमकं आहे.

गॅपवाल्या टेस्टरची खरी उणीव त्याच्या चिमट्यात आहे. स्प्रिंग मऊ असते आणि रंगलेल्या पत्र्यावर अर्थ मिळत नाही. इंजिनाच्या उघड्या धातूलाच लावा, नाहीतर ठिणगी तुमच्या हातातून वाट शोधेल. स्केलवरचे आकडे नुसते छापलेले असतील तर ग्रीसने पुसले जातात, कोरलेले बघून घ्या.

सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये झाकण काढलं की पेट्रोलची वाफ केबिनमध्येच कोंडते. दारं सताड उघडा, वास जाईपर्यंत थांबा, मगच ठिणगी पाडा.