शॉकमधील रुग्ण: आधी सलाइन, की आधी नॉरॲड्रेनलिन?

रात्रपाळीला एकट्याच असलेल्या डॉक्टरसमोर बीपी लागत नसलेला रुग्ण येतो, तेव्हा निवड दोन गोष्टींमधलीच वाटते: सलाइन जोरात सोडायचे, की नॉरॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारे औषध) सुरू करायचे. नागपुरात त्यात नातेवाइकांचा आवाजही मिसळतो, "साहेब, पहिले सलाइन लावा ना जी." ही मागणी बहुतेक वेळा चुकीची नसते, पण ज्या थोड्या वेळी ती चुकते, त्या वेळी तीच बाटली रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरते. म्हणून तुलना औषधांपासून नव्हे, तर शॉकच्या प्रकारापासून सुरू करावी लागते.

शॉक म्हणजे पेशींपर्यंत पुरेसा प्राणवायू न पोहोचणे. बीपी कमी होणे ही त्याची उशिरा दिसणारी खूण आहे. पावसाळ्यानंतर येणाऱ्या डेंग्यूच्या तरुण रुग्णात हे स्पष्ट दिसते. बीपी १००/८५ असतो, वरचा आकडा पाहून सगळे निर्धास्त होतात, परंतु दोन आकड्यांतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला आणि हातपाय गार पडले, की तो रुग्ण शॉकमध्ये गेलेला असतो. येथे रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपत असल्याने सलाइनच आधी, तेही हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) पाहत, मोजून. नॉरॲड्रेनलिनने पहिले पाऊल टाकण्याचे कारण नाही.

प्रकार ओळखण्यासाठी हात आणि मान या दोन जागा पहिल्याच मिनिटात पाहाव्यात. हात गार आणि मानेच्या शिरा बसलेल्या असतील तर द्रव किंवा रक्त कमी पडले आहे. हात गार पण शिरा फुगलेल्या असतील तर हृदय थकले आहे, किंवा हृदयाभोवती साचलेले द्रव, छातीत दाटलेली हवा, फुप्फुसातील गुठळी यांपैकी काहीतरी वाट अडवून बसले आहे. हात गरम आणि नाडी धावती असेल तर जंतुसंसर्गाचा संशय आधी घ्यावा. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी मात्र गरम हाताची खूण फसवी ठरते. गुदद्वारातील तापमान ४० अंशांच्या वर आणि रुग्ण बरळत असेल, तर कोणतीही बाटली निवडण्याआधी त्याला थंड करणे सुरू झाले पाहिजे.

काही प्रसंगी ही निवडच गैरलागू ठरते. समृद्धी महामार्गावरून आलेल्या रक्तस्रावाच्या रुग्णाला रक्त हवे असते, आणि इजेपासून ३ तासांच्या आत रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. सलाइनने बीपीचा आकडा वाढतो, पण रक्त पातळ होते. इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून कोसळलेल्या प्रौढाला मांडीच्या बाहेरील स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन लगेच द्यावे, सलाइन त्यानंतर. मोठ्या हार्ट ॲटॅकनंतर गार पडलेल्या आणि छातीत दोन्ही बाजूंना बुडबुड्यांसारखा आवाज येणाऱ्या रुग्णाला सलाइनची बाटली लावूच नये. बाहेरगावहून दोन लिटर संपवून, धापा टाकत आलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. चिठ्ठीवर 'बीपी लो, फ्लुइड दिले' एवढेच लिहिलेले असते.

खरी ओढाताण सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने आलेल्या शॉकमध्ये आहे. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिलिलिटर द्रव सुचवतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला दीड लिटर. पण ही शिफारस त्यांनीच दुर्बल प्रतीची म्हटली आहे. अमेरिकेतील क्लोव्हर्स अभ्यासात, २०२३ मध्ये, १,५६३ रुग्णांना सुरुवातीच्या द्रवानंतर एका गटात सढळ हाताने सलाइन आणि दुसऱ्या गटात लवकर प्रेसर (नॉरॲड्रेनलिनसारखे बीपी वाढवणारे औषध) दिले. ९० दिवसांतील मृत्यू अनुक्रमे १४.९ आणि १४.० टक्के, म्हणजे फरक नाहीच. माझ्या मते याचा अर्थ 'काहीही चालेल' असा होत नाही. व्हेंटिलेटर नसलेल्या छोट्या रुग्णालयात फुप्फुसे भरलेला रुग्ण सांभाळणे हे सिरिंज पंपावरचे नॉरॲड्रेनलिन सांभाळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, म्हणून तेथे ५००–५०० मिलिलिटर देऊन दर वेळी पुन्हा तपासावे, आणि मॅप (सरासरी बीपी) ६५ गाठत नसेल तर प्रेसरसाठी सेंट्रल लाइनची (शरीरातील मोठ्या मध्यवर्ती शिरेत घालायच्या नळीची) वाट पाहू नये. कोपराच्या खळगीतील किंवा त्याच्या वरच्या मोठ्या शिरेत ते काही तास देता येते. मनगटावरच्या बारीक शिरेत नको, आणि इंट्राकॅथची (शिरेत बसवलेल्या बारीक नळीची) जागा पांढरी किंवा टणक पडते आहे का, हे सिस्टरने वारंवार पाहिले पाहिजे.

पुन्हा तपासायचे कशाने, लॅक्टेटने (शॉकमध्ये रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या तपासणीने) की बोटाने? रुग्णाच्या तर्जनीचे टोक काचेच्या स्लाइडने पांढरे पडेपर्यंत दाबावे, १० सेकंद तसेच धरावे, सोडावे आणि मोजावे. लाली परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्तपुरवठा अजून अपुरा आहे. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक अभ्यासात ४२४ रुग्णांमध्ये या चाचणीच्या आधारे उपचार केलेल्या गटात मृत्यू ३४.९ टक्के होते, लॅक्टेटच्या गटात ४३.४, संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक थोडक्यात उतरला नाही, पण फुकटची चाचणी मागे पडली नाही, हे पुरेसे बोलके आहे. लॅक्टेटचा रिपोर्ट यायला तास लागत असेल तर मी बोटच निवडीन. फक्त डिसेंबरातल्या पहाटे किंवा एसीच्या झोतात गारठलेले बोट आधी उबदार करून घ्यावे.

बाटली कोणती, याला फार शब्द लागत नाहीत. नॉर्मल सलाइनमध्ये लिटरमागे १५४ मिलिइक्विव्हॅलंट क्लोराइड असते, आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) सुमारे १०९. जास्तीच्या क्लोराइडने रक्तातील आम्लता वाढते, म्हणून सेप्सिसमध्ये आरएल बरे. त्यातल्या ४ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियमची भीती अवास्तव आहे. डोक्याला मार असेल तर नॉर्मल सलाइन, आणि आरएल चालू असलेल्या लाइनमधूनच सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक देऊ नये.

डोपामिन या बीपी वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाची सवय मात्र अजून काही ठिकाणी सुटलेली नाही. २०१० मध्ये १,६७९ रुग्णांमध्ये दोन्ही औषधांची तुलना झाली, तेव्हा त्याने हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण २४.१ टक्के होते, नॉरॲड्रेनलिनने १२.४, हृदय थकल्यामुळे शॉक आलेल्या गटात डोपामिनवर मृत्यूही जास्त झाले. कपाटात दोन्ही असतील तर नॉरॲड्रेनलिन उचलावे.

मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील मोठ्या सरकारी रुग्णालयांत पाठवायचे ठरले, तर चिठ्ठीवर किती मिलिलिटर गेले, प्रेसर कोणत्या वेळी कोणत्या वेगाने सुरू केले, लघवी किती झाली आणि बोटाची लाली किती सेकंदांत परतली, हे चार आकडे लिहावेत.