हुलग्याच्या पिठाचं पाकीट: शेंगोळ्याला पास, पिठीला काठावर

शेंगोळे (रसात शिजवलेल्या वळकट्या), माडगं (गरम गोड पेय), पिठी (पातळ पिठलं). नावं ऐकून पाहुणा हसतो आणि ताट बघून गप्प होतो, कारण तिन्हींचा रंग पावसाळ्यातल्या डबक्याचा. बचत गटाच्या स्टॉलवर मिळणारं हुलग्याच्या पिठाचं अर्धा किलोचं पाकीट या तिन्हींसाठी वापरून बघितलं.

पाकिटावर नुसतं ‘हुलगा (कुळीथ) पीठ’ एवढंच छापलंय, आणि घोळ तिथंच आहे. जुन्नर-आंबेगावकडच्या शेंगोळ्यांना कच्चं किंवा जेमतेम शेकलेलं, सालासकट दळलेलं पीठ लागतं. कोकणात पिठीसाठी कुळीथ भाजतात, भरडतात, साल पाखडतात आणि मग दळतात. दोन्ही पिठं एकाच नावानं विकली जातात, पण एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही. भाजलेल्या पिठाला चिकटपणा कमी, त्यामुळे त्याचे शेंगोळे उकळत्या पाण्यात सुटतात आणि पातेल्यात आयतं पिठलं तयार होतं. चिमूटभर जिभेवर ठेवा: कच्चं उग्र-तुरट लागतं, भाजलेलं खमंग. हे पाकीट कच्च्या पिठाचं निघालं. सालाचे तपकिरी ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात.

म्हणून शेंगोळे झकास झाले. दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी कणीक, आठ-दहा लसूण पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरं यांचं वाटण, हळद, मीठ, चमचाभर तेल. पीठ पुरीसारखं घट्ट मळायचं. सैल झालं तर वळताना तुटतं. पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. मग पेन्सिलीएवढी जाड, टोकाला निमुळती वळकटी करायची आणि हवं तर तिचं कडं वळायचं. करंगळीएवढं जाड केलं की बाहेरून शिजतं, आत पिठूळ राहतं. मोहरी-जिरं-लसणाच्या फोडणीत सहा वाट्या पाणी ओतून चांगली खळखळून उकळी आली की थोडेथोडे सोडायचे. पाणी थंडावलं की ते तळाला चिकटतात, म्हणून सगळे एकदम टाकू नयेत आणि पहिली चार मिनिटं डाव घालू नये. मध्यम आचेवर वीस मिनिटं. शेवटी परात धुतलेलं पाणी त्यातच ओतायचं, रस दाट होतो. वरून कच्चं तेल, सोबत भाकरी. दिसायला गांडुळं म्हणा, खुशाल म्हणा, दुसरं ताट मागून घ्याल.

पिठी मात्र या पिठाची थेट करू नये. तीन मोठे चमचे पीठ तीन वाट्या पाण्यात कालवून फोडणीत ओतलं तर दहा मिनिटं उकळूनही उग्रपणा जात नाही. कोरड्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, रंग एक छटा गडद होईपर्यंत भाजून, गार करून थंड पाण्यात कालवलं की बरी जमते. तरी सालामुळे कोकणातल्यासारखी गुळगुळीत होत नाहीच. आमसुलं गॅस बंद करताना टाका. गार झाल्यावर आळते, तेव्हा आधी पातळच ठेवा.

माडग्याला हे पीठ चालतं: दोन चमचे पीठ तुपावर परतून, दोन पेले पाणी, गूळ, सुंठ, चिमूट मीठ. सर्दीत गरम गरम प्यायचं.

तक्रार एकच, पण मोठी. हुलग्यात खडे-माती फार असते, आणि निवडण्यात आळस झाला की तो थेट दाताखाली येतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर पीठ ढवळून पाच मिनिटं ठेवा, मग वरचं पाणी हळूच ओतून तळ बोटानं चोळा. या पाकिटाच्या तळाशी किंचित कचकच लागली. शेंगोळ्याच्या लसणात ती खपून जाते, माडग्यात नाही. पुढच्या वेळी गटाकडे ‘भाजलेलं की कच्चं’ आणि ‘दळल्याची तारीख’ एवढं विचारूनच पाकीट घ्या. उघडलं की डबा फ्रिजमध्ये, नाहीतर महिनाभरात खवट वास येऊ लागतो.