मशिदीचे नमाजगृह: खांब, घुमट की कवच?

मोठी मशीद बांधायची ठरली की समितीच्या पहिल्या बैठका मिनाराच्या उंचीवर खर्ची पडतात. खरा निर्णय वेगळाच असतो: नमाजगृहावर छप्पर कसे टाकायचे: खांबांच्या रांगांवर, एका मोठ्या घुमटाने की खांबांशिवायच्या कवचाने? ते एकदा ठरले की पाया, आवाज, वातानुकूलन आणि पुढच्या पन्नास वर्षांची डागडुजी जवळजवळ ठरूनच जाते.

आधी माप. एका नमाजीला खांद्यापाशी 60 सेंटिमीटर आणि सजद्यासाठी (कपाळ जमिनीला टेकण्यासाठी) 120 सेंटिमीटर धरले, तर 0.72 चौरस मीटर होतात. वाटा आणि दारे मिळवून 0.8 धरा. 10,000 लोकांना 8,000 चौरस मीटर लागले. हे सभागृह किब्ल्याच्या (मक्केच्या दिशेच्या) भिंतीला समांतर रुंद ठेवावे, म्हणजे पुढच्या सफा (नमाजींच्या रांगा) लांब होतात आणि इमामापासून शेवटच्या सफेचे अंतर कमी राहते.

खांबांचे सभागृह

अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत (बांधकाम 1996 ते 2007) मुख्य नमाजगृहात 96 खांब आहेत. खांबांमधले गाळे लहान असल्याने स्लॅब आणि तुळया नेहमीच्या पद्धतीच्या चालतात, सेंटरिंग (ओल्या काँक्रीटखालच्या फळ्या आणि टेकू) पुन्हापुन्हा वापरता येते आणि पुढे गर्दी वाढली तर गाळे जोडून इमारत वाढवता येते. बाकीच्या दोन प्रकारांत ही सोय जवळपास नाहीच.

अडचण सफेची. खांबांमुळे सफ तुटणे अनेक फिक्ही (इस्लामी धर्मशास्त्रातल्या) मतांत नापसंत आहे. म्हणून मागे जाताना खांबांचे अंतर 120 सेंटिमीटरच्या पटीत हवे: 8.4 मीटरमध्ये सात सफा बसतात, 9.6 मध्ये आठ. 9 मीटर घेतले की साडेसात. मग एका ओळीतले खांब दोन सफांच्या मधल्या रेषेवर येतात, तर पुढच्या ओळीतले थेट सफेच्या मध्यावर. तळघरातल्या वाहनतळाच्या खांबांची 8 मीटरची जाळी तशीच वर चढवणे ही तर नेहमीची चूक. दुसरी चूक खांबाच्या जाडीत होते. आराखड्यातला 80 सेंटिमीटरचा काँक्रीटचा खांब संगमरवर, त्यामागची पोकळी आणि हवेची जाळी धरून सव्वा मीटरचा होतो. सफा मोजताना हीच तयार जाडी घ्यावी.

आवाजाच्या बाबतीत मात्र हा प्रकार सर्वांत सोपा. स्पीकर खांबावर, माणसांच्या जवळ बसतो. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे 70 मीटर मागचा स्पीकर 0.2 सेकंद उशिराने वाजवावा लागतो. हे जुळवले नाही तर मागच्यांना प्रत्येक आयत (कुराणातले वचन) दोनदा ऐकू येते.

मोठा घुमट

जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीचा घुमट 45 मीटर व्यासाचा आहे आणि 12 गोल खांबांवर उभा आहे. वास्तुकार फ्रिडरिख सिलाबान. पायाभरणी 1961, उद्घाटन 1978. इस्तंबूलच्या चामलिजा मशिदीचा 34 मीटरचा, अल्जीयर्सच्या मोठ्या मशिदीचा 50 मीटरचा. मधली जागा मोकळी मिळते आणि बाहेरून इमारत मशीद म्हणून लगेच ओळखू येते.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिले ठिकाण घुमटाचा काठ. अर्धगोल घुमटात स्वतःच्या वजनाखाली माथ्यापासून सुमारे 52 अंशांपर्यंत आडवी कडी (घुमटाचा गोल पट्टा) दाबात असते, त्याखाली ती ताणात जाते. तिथे सळया कमी पडल्या की उभ्या भेगा दिसू लागतात. तळाची कडी ताणाचा पूर्ण हिशेब करून, शक्यतो पूर्वताणित (आतल्या तारांना आधीच ताण दिलेली), करावी. पोलादी सांगाड्यावर हलके आवरण घेतले की वजन आणि पायाचा खर्च उतरतो, पण गळती रोखण्याचे काम आवरणाच्या शेकडो सांध्यांवर येते.

दुसरे ठिकाण आवाज. विजापूरच्या गोल घुमटात ज्याचे कौतुक करतो, तोच गुण खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) दोष ठरतो. घुमट 35 मीटर वर असेल तर आवाज वर जाऊन यायला 0.2 सेकंद लागतो आणि बोलण्यात 0.05 सेकंदांपुढचा परतावा वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवू लागतो. वक्रतेचे केंद्र कानाच्या पातळीजवळ आले तर सर्वांत वाईट. गालिचा चढे स्वर शोषतो. खर्ज तसाच घुमत राहतो. म्हणून घुमटाच्या आतल्या बाजूला ध्वनिशोषक गिलावा किंवा सच्छिद्र पॅनेल हवेत, आणि ते नक्षीकामाची निविदा निघण्याआधी ठरायला हवे. शिवाय 45 मीटरच्या पूर्ण अर्धगोलात सुमारे 24,000 घनमीटर हवा असते. ती सगळी थंड करण्यात अर्थ नाही. थंड हवा जमिनीलगत सोडावी, गरम हवा वर साचू द्यावी.

खांबांशिवाय कवच

इस्लामाबादची फैसल मशीद याचे ठळक उदाहरण. 1969 च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वेदात दालोकाय यांचा आराखडा निवडला गेला. घुमट नाही; तंबूसारखे आठ बाजूंचे काँक्रीटचे छप्पर. सफ कुठेच तुटत नाही, मेहराब (किब्ल्याच्या भिंतीतला कोनाडा) सगळीकडून दिसते.

बांधायला मात्र हे सर्वांत कठीण. उतार 35 अंशांच्या आसपास गेला की ओले काँक्रीट घसरते, वरूनही फळ्या लावाव्या लागतात. टेकू लवकर काढले तर छप्पर बसते, आणि तो झोल पुढे कित्येक वर्षे वाढत राहतो. दोन पृष्ठे मिळतात त्या पन्हळी आणि काचेच्या पट्ट्यांचे काठ आधी गळतात. असे काम केलेला कंत्राटदार नसेल तर या वाटेला जाऊ नये.

सरकत्या छताचा मोह कासाब्लांकाच्या हसन दुसरे मशिदीमुळे होतो. तिथले छत सुमारे 1,100 टनांचे आहे. रूळ, मोटारी, रबरी पट्ट्या यांसाठी कायमचे पथक ठेवायची तयारी नसेल तर अंगण मोठे करा.

जागेचा हट्ट

कासाब्लांकाची हीच मशीद अंशतः समुद्रावर आहे. 1993 मध्ये खुली झाली आणि 2005 मध्ये समुद्राकडच्या काँक्रीटची मोठी दुरुस्ती सुरू करावी लागली. भरती-ओहोटीत सतत ओल्या-सुक्या होणाऱ्या भागात क्षार सळयांपर्यंत पोहोचतात, गंज फुगतो, सळयांवरचे काँक्रीटचे कव्हर फुटते. अशा पट्ट्यात सुरुवातीलाच स्टेनलेस सळया घेणे नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. अल्जीयर्सला प्रश्न भूकंपाचा होता. तिथले नमाजगृह सरकत्या बेअरिंगांवर (हादऱ्यात इमारतीला जमिनीपासून वेगळे सरकू देणाऱ्या आधारांवर) आहे. असे केल्यास इमारतीभोवती मोकळी फट ठेवावी लागते. नंतर कोणीतरी फरसबंदी करताना ती बुजवतो आणि सगळा खर्च वाया जातो.

माझे झुकते माप खांबांकडे: 9.6 मीटरचे गाळे आणि मेहराबीसमोर 20 मीटरच्या आतला एक घुमट. सभागृह 2,000 जणांचेच असेल तर एकटा घुमटही पुरतो.

मिनाराचे काय? कासाब्लांकाचा 210 मीटरचा आहे, अल्जीयर्सचा 265 चा. उंच मिनार सभागृहापेक्षा वेगळ्या प्रमाणात खचतो, म्हणून दोघांचा पाया वेगळा आणि मध्ये सांधा हवा. त्या सांध्यावरून संगमरवराची लादी सलग बसवू देऊ नका. पहिल्या दोन-तीन वर्षांतच ती तडकते.