फॉग लाईट, आठ महिने आणि पंधराचा फ्यूज

आंबा घाटात धुकं उतरलं की माझ्या हेडलाईटचा उपयोग एवढाच उरायचा, की समोरून येणाऱ्याला आम्ही दिसायचो. आम्हाला काही दिसायचं नाही. अप्पर मारला तर समोर चुना फासलेली भिंत, डिपरवर घेतलं तर तीच भिंत जरा मळकी. बायको काच खाली करून साईडची पांढरी पट्टी बघायची आणि "डावीकडं, अजून डावीकडं" असं सांगत मला घाट उतरवायची. आम्ही राहायला कोल्हापुरात, घर देवरूखजवळ. बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा असा रस्ता, पावसाळ्यात महिन्यातून एखादी फेरी ठरलेली.

गाडी २०१३ची स्विफ्ट, खालचं मॉडेल. त्यात फॉग येत नाहीत. बंपरमध्ये त्यांच्या जागी काळ्या प्लास्टिकची झाकणं असतात. गेल्या मे महिन्यात ती काढून तिथे फॉग बसवले. आता जानेवारी संपत आला. एक पूर्ण पावसाळा, गणपती, दिवाळी आणि मधल्या भानगडी धरून हा आठ महिन्यांचा अनुभव.

घेतलं काय ते आधी सांगतो. साध्या काचेचे गोल फॉग, आत एच-११ प्रकारचे ५५ वॅटचे हॅलोजन बल्ब, पिवळे. जोडी अठराशेला पडली. दुकानदार एलईडी बार, म्हणजे एका पट्टीत ओळीने दिवे, तो घ्या म्हणून मागे लागला होता. बारचा उजेड लांब जातो, पण वरही जातो, आणि धुक्यात वर गेलेला उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. फॉगचं काम उलटं असतं. दिवा खाली, झोत रुंद आणि चपटा, वरची कड सुरीने कापल्यासारखी. पिवळा रंग धुकं 'फाडतो' म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळ्याच रंगांना सारखंच उधळतात. पिवळ्याने डोळ्यांना कमी टोचतं, एवढं मात्र मला नक्की जाणवलं. ओल्या डांबरावर तर फारच.

दिव्यांबद्दल तक्रार नाही. सगळी कथा वायरिंगची आहे.

पहिलं वायरिंग दुकानातच करून घेतलं. पाऊण तासात गाडी तयार. बटण दाबलं, दिवे लागले, मी खूश. पोराने काय केलं होतं ते मला जूनमध्ये कळलं. डाव्या हेडलाईटच्या वायरीचं कव्हर मध्येच ब्लेडने सोलून तिथेच फॉगची वायर पिळली होती आणि वर काळी टेप. रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, फॉगला स्वतंत्र फ्यूज नाही. म्हणजे दोन्ही फॉगचा सगळा करंट कंपनीच्या त्या बारीक वायरीतून आणि पुढे डॅशबोर्डवरच्या चिमुकल्या बटणातून.

हिशोब मी नंतर मांडला. आधी मांडायला हवा होता. दोन दिवे ५५ वॅटचे, म्हणजे ११०. गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे फॉगचेच ८ अँपिअर. त्याच फ्यूजवर डावा हेडलाईट, त्याचे आणखी चार. एकूण बारा, आणि फ्यूज पंधराचा. कागदावर बसतं, पण फ्यूजला त्याच्या मर्यादेच्या कडेवर तासन्‌तास बसवायचं नसतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री, बांबवड्याच्या अलीकडे, धो धो पावसात डावा हेडलाईट आणि दोन्ही फॉग एकदम गेले. आधी दहा मिनिटं प्लास्टिक तापल्याचा वास येत होता, पण आम्ही समजलो की पुढच्या ट्रकचा ब्रेक तापलाय. बटणाला हात लावला तर चटका बसला. उजव्या दिव्यावर रखडत मलकापूर गाठलं.

नंतर आमच्या कॉलनीजवळच्या वायरिंगवाल्या मामांकडे गाडी नेली. मामा साठीच्या पुढचे. बोनेट उघडून त्यांनी ती टेप दोन बोटांत धरून खेचली. आख्खी वेटोळी एका झटक्यात हातात आली, आत पाणी.

"पोरा, हे जोडलंय का गुंडाळलंय?"

मी म्हटलं, "मामा, दुकानातनंच करून दिलंय."

"दिवं लागल्यालं बघितलंस, वायर बघितली न्हाईस."

त्यांनी मीटर लावला. गाडी चालू, बॅटरीवर १३.९. फॉगच्या होल्डरवर ११.३. मधले अडीच व्होल्ट वायर, बटण आणि त्या पिळलेल्या जोडाने खाल्ले होते. वाचून हे थोडं वाटतं. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. एवढ्या फरकाला जवळपास निम्मा उजेड गायब. म्हणजे मे महिन्यात ज्या दिव्यांवर मी खूश होतो ते अर्धपोटी जळत होते.

रविवारी सकाळी मामांनी आणि मी सगळं नव्याने ओढलं. मामांनी मला हात काळे करू दिले, तो त्यांचा मोठेपणा.

रिलेला लोक उगाच घाबरतात. बटणातून नुसता इशारा जातो, अँपिअरचा पाचवा हिस्साही नाही. खरा करंट रिलेतून, बॅटरीकडून थेट दिव्याकडे. पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० म्हणजे बॅटरी, ८७ म्हणजे दिवे, ८६ला बटणाची वायर, ८५ बॉडीला. आम्ही आणलेला रिले पाच पायांचा निघाला. मधला पाचवा पाय ८७-ए. मी शहाणपणाने दिव्यांची वायर त्या मधल्या पायाला खोचली. मामांनी बॅटरीची क्लिप टेकवताच दोन्ही फॉग भक्कन लागले. चावी माझ्या खिशात, बटण बंद. मामा मनसोक्त हसले. तो पाय उलट्या चालीचा. रिले झोपलेला असताना तो जोडलेला असतो, रिले जागा झाला की सुटतो. दुसऱ्या कुणाला फॉग आपोआप लागून बॅटरी उतरल्याचा अनुभव असेल तर आधी हा पाय बघा.

वायर अडीच स्क्वेअर एमएमची घेतली. फ्यूज पंधराचाच, पण आता फक्त फॉगचा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो दिव्याजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर पडते. ती कुठे पत्र्याला घासली तर जळायला मोकळी.

बटणाचा करंट पार्किंग लाईटवरून घेतला. पार्किंग बंद तर फॉग बंद. हेडलाईट विझवताना फॉगही जातात, विसरण्याची सोय नाही.

अर्थिंगसाठी मामांनी बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) आवळून वरून व्हॅसलीन फासलं. जोडांना डाग (सोल्डर) देऊया का विचारलं तर नको म्हणाले. डाग दिला की तिथली वायर ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्याने नेमकी त्या कडेला तुटते. थिंबल पक्कडीने नीट दाबायची आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी. आत केबिनमध्ये वायर नेताना पत्र्यातलं जुनं रबरी बूचच वापरलं, नवीन भोक पाडलं नाही. रिलेचे पाय खाली तोंड करून, आणि दिव्याकडे जाणारी वायर आधी थोडी खाली लोंबती सोडून मग वर घेतली. पाणी त्या लोंबत्या जागेवरून ठिबकतं, होल्डरमध्ये जात नाही. हे सांगून सुचणारं नाही, पन्नास पावसाळे बघून सुचतं.

रिले, वायर, थिंबल, स्लीव्ह मिळून साडेपाचशे, मामांची मजुरी सहाशे. गाडी चालू करून मोजलं, होल्डरवर १३.४.

मग संध्याकाळी झोत लावला. कॉलनीच्या कंपाउंडच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी सपाट उभी केली, भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूने रेघ मारली आणि झोताची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली आणली. माझे दिवे जमिनीपासून साधारण सव्वा फुटावर. म्हणजे झोत तीस मीटरच्या आसपास रस्त्याला टेकतो. हा आकडा मी डोक्यात पक्का ठेवलाय. दिसतंच तीस मीटर, त्यामुळे धुक्यात फॉगच्या भरवशावर चाळीसच्या वर काटा नेत नाही.

जुलैत पहिल्यांदा खऱ्या धुक्यात गेलो. समोरची भिंत नाहीशी झाली असं कुणी सांगितलं तर खोटं बोलतोय. भिंत असतेच. पण तिच्या खाली एक फट उघडते, त्यातून डावी पांढरी पट्टी आणि रस्त्यात मधे बसवलेले चमकते कॅट आय दिसत राहतात. बायकोने काच वर केली. माझ्या लेखी हेच या दिव्यांचं प्रमाणपत्र. धुक्यात हेडलाईट डिपरवर ठेवायचा, अप्पर विसरायचा.

गणपतीला जाताना मात्र वेगळी गंमत. डिकीत तांदळाचं पोतं, मागे तीन माणसं. गाडी मागून बसली, नाक वर झालं आणि फॉगचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांत. दोघा-तिघांनी डिपर मारून शिव्या घातल्या तेव्हा लक्षात आलं. आता लोड असला की स्क्रू अर्धा फिरवून झोत उतरवतो.

सप्टेंबरात डावा दिवा लुकलुकायला लागला. अर्थिंगच्या बोल्टावर हिरवट बुरशीसारखा थर आला होता. बहुधा मी गाडी धुताना पाण्याचा जोर तिथेच मारल्यामुळे. घासून पुन्हा व्हॅसलीन, पाच मिनिटांचं काम. त्याच दिव्याच्या काचेत आतून वाफ धरते, ती अजूनही धरते. दिवे लावून दहा मिनिटांत जाते, म्हणून उघडलेला नाही.

आणि दिवाळीत फ्यूज उडाला. गाडी गावी चार दिवस उभी होती, परतीला निघालो तर फॉग नाहीत. हेडलाईट मात्र ठणठणीत, कारण आता दोघांचा संबंध नाही. साखरप्याला गॅरेजवाल्याने फ्यूज काढून बघितला आणि म्हणाला, "दादा, तिसाचा टाकतो, परत उडायचा नाही." मी हात धरला. बोनेटखाली टॉर्च मारून वायर चाचपत गेलो, तर बंपरच्या कोपऱ्यात उंदराने स्लीव्ह कुरतडून तांबं उघडं केलं होतं, ते पत्र्याला टेकत होतं. तिथे तिसाचा फ्यूज असता तर तापली असती ती वायर. पहिल्या वायरिंगला हाच उंदीर भेटला असता तर घाटात डावा हेडलाईटही गेला असता. दोन इंचाचा तुकडा बदलला, नवा पंधराचा टाकला, निघालो.

कायद्याचं विचारणारे असतात म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफाराला मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीने ठेवलेल्या जागेत फॉग बसवणं आणि टपावर बार चढवणं मी एका मापाने मोजत नाही, पण गाडी वॉरंटीत असेल तर वायरीला हात लावण्याआधी शोरूमला विचारा. नव्या गाड्यांत हेडलाईटही कॉम्प्युटरच्या हातात असतो, तिथे वायर सोलणं म्हणजे नसता खर्च ओढवून घेणं. गावात, हायवेवर, स्वच्छ हवेत मी फॉग लावत नाही. लावणाऱ्यांचा मला रागच येतो.

बटणातला हिरवा दिवा रात्री समोरच्या काचेत उमटतो, त्यावर टेपचा तुकडा चिकटवलाय. तेवढीच एक टेप आता गाडीत उरली आहे.

उंदरांसाठी मामांच्या सल्ल्याने बोनेटखाली तंबाखूची पुडी बांधली. तीन महिने होत आले, वायर शाबूत आहे. पुडी एकदा बदलावी लागली. मध्ये सर्व्हिसिंगला बोनेट उघडलं तेव्हा मामांनी त्यातलीच चिमूटभर काढून मळली.