पाच मेगावॉटचं गाजर

डेटा सेंटरचा अहवाल करून देणाऱ्या सल्लागाराला चार लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२,००० रुपये चेकने. वर 'वीज उपलब्धतेचं पत्र काढून देतो' म्हणून १,५०,००० रोख. एकूण ६,२२,००० रुपये गेले. बदल्यात मिळाला आमच्या रबाळ्याच्या बंद शेडमध्ये डेटा सेंटर (कंपन्यांचे सर्व्हर भाड्याने ठेवायची जागा) कसं चालेल हे सांगणारा १४० पानांचा गुळगुळीत अहवाल.

अहवालाचा साचा नेहमीचाच: समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात, २०१८ पासून पेमेंटचा डेटा देशातच ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऐरोली-महापे पट्टा भरत चाललाय. सगळं खरं, म्हणून तर भुललो. मुंबईत मागणी आहे म्हणून आपल्या शेडला गिऱ्हाईक आहे, असं होत नाही. तक्त्यात चालू, बांधकामातले आणि नुसते घोषित मेगावॉट एकाच बेरजेत घातलेले. घोषित क्षमता म्हणजे मागणी नव्हे, उद्याची स्पर्धा!

आणि पान ११. तिथेच थांबायला हवं होतं. ८०० रॅक (सर्व्हरची कपाटं), प्रत्येकी ६ किलोवॉट, म्हणजे ४.८ मेगावॉट. पान ९३ वर वीज ५ एमव्हीए (जोडणीची क्षमता, फार तर ५ मेगावॉट). बसलं की, असं वाटलं. अहो, ४.८ हा नुसत्या सर्व्हरचा भार! चिलर (थंड ठेवणारी यंत्रं), यूपीएसमधला तोटा वगैरे धरून पीयूई (एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज) १.६ घेतला तर लागतात ७.६८ मेगावॉट. ५ एमव्हीएवर, पॉवर फॅक्टर (एमव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) एक धरूनही, फार तर ५२० रॅक चालतील. उत्पन्न मात्र ८०० रॅकचं, तेही पहिल्याच वर्षी सगळे भरलेले. एचटी (उच्चदाब विजेच्या) पॅनेलच्या धंद्यात केस पिकलेली माणसं आम्ही. पण बँकेला महिनाअखेर अहवाल हवा होता, घाई होती.

आणि ते वीज उपलब्धतेचं पत्र? त्यावर जावक क्रमांक नाही, तारीख रविवारची. असं पत्र आधी स्वतः सबस्टेशनच्या कार्यालयात नेऊन दाखवा. भाडेकरूच्या 'लेटर ऑफ इंटेंट'मध्ये (जागा घेण्याचा इरादा कळवणाऱ्या पत्रात) अनामत आणि किमान भाडं नसेल तर तो कागद रद्दीचा.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. सायबरवाल्यांनी विचारलं, ओटीपी कुणाला दिलात? ग्राहक आयोगात कळलं की व्यापारासाठी सेवा घेतली म्हणून आम्ही ग्राहकच नाही. रोखीची पावती नाही (चूक आमची, मान्य). वीज कार्यालयातला साहेब तोंडी म्हणतो, 'पत्र आमचं नाही'. लेखी मागितलं की रजेवर जातो. माहिती अधिकारात अर्ज टाकला. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: सदर पत्र अभिलेखात आढळत नसल्याने ते खरे की खोटे याबाबत अभिप्राय देता येत नाही.