शॉकॲब्सॉर्बरला शिवलेलं झबलं

मालवणात गाडी ठेवणाऱ्याला गंज काय ते सांगायला नको. खारा वारा, जांभ्याची लाल धूळ आणि चार महिने पाऊस. माझ्या जुन्या जीपच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरवरचं पत्र्याचं टोपण गंजून गळून पडलं, तेव्हा उघडा रॉड बघून धडकीच भरली. त्या गुळगुळीत रॉडवर गंजाचे टिपके पडले की तेच आतलं ऑइल सील खातात आणि तेल गळायला लागतं.

म्हणून सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनची दोन कव्हरं शिवून घेतली. जोडीचे ४०० रुपये. उभी वेल्क्रो असल्याने काही न खोलता बसतात. शिलाई दुहेरी, नायलॉनच्या दोऱ्याची. इथपर्यंत दहापैकी नऊ.

पण खालचं तोंड त्याने घट्ट आवळलेलं. जूनअखेर उघडून बघतो तर आत तांबडा चिखल, अगदी नाचणीच्या आंबिलीसारखा! पाणी जायला वाट ठेव म्हटलं, तर म्हणतो, "काका, मगे कव्हर कित्याक?" शेवटी तळाला मीच तीन भोकं पाडली. वेल्क्रोत वाळू बसून पकड सैल झालीय, आता वरून केबल टाय. सायलेन्सरकडचं कव्हर थोडं वितळलं, ती चूक माझी.

माप देताना गाडी उचलून, खाली स्टँड लावून चाक लटकू द्या. रॉड पूर्ण लांबतो तेव्हाचं माप घ्या, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात शिवण उसवते. ॲक्सलचे ग्रीसवाले रबरी बूट फाटले असतील तर मात्र शिवत बसू नका, नवेच घाला.